वच्छी चौथी पास झाली

आयुष्यात मी मूर्खपणा बराच केला. नवऱ्याच्या मोठ्या साहेबाला वर्गणीवाला समजून दारातूनच वाटेला लावलं, विहिणीच्या चहात मीठ घातलं, एकदा तर भलत्याच लग्नात जाऊन आहेर देऊन, जेवून आले. त्यांतलं काहीच मनाला लावून घेण्यासारखं नाही. पण एक मूर्खपणा असा केला की त्याबद्दल लोकांनी मला गुच्छ दिला आणि मी तो घेतला. मी एका मुलीला चौथी पास केलं. ती पोरगी बिचारी मोठ्या मेहनतीनं दरवर्षी नापास होत होती. तिच्या त्या मेहनतीवर पाणी फिरवायला मी बी.ए. होऊन, साडीला खळ लावून, सायकलवर टांग टाकून तिथं गेले.

'तिथं' म्हणजे मुलींच्या रिमांड होममध्ये. नात विचारते, "आजी, तू जेलमध्ये होतीस?" मी म्हणते, हो, पण चांगल्या वागणुकीमुळे लवकर सुटले. खरं म्हणजे तिथल्या शाळेत तात्पुरती शिक्षिका हवी होती आणि आमच्या घरात मी तात्पुरतीच होते. बी.ए.चा निकाल लागला होता, लग्न जमत नव्हतं. आम्ही तेव्हा अजनीला राहायचो. घराच्या मागं रेल्वेचं यार्ड. दिवसभर डबे एकमेकांना धडका द्यायचे आणि भांड्यांच्या फळीवरचे पेले थरथरायचे. पाहुणे दचकायचे, आम्ही बोलता बोलता थांबून, धडक होऊ देऊन, त्याच वाक्यात पुढं जायचो. बाबा रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून. सकाळी पेपर उघडून चहाचा घोट घेत ते रोज एकदा म्हणायचे, "हे कोळसाचोर एक दिवस रेल्वेचं दिवाळं काढतील." आणि आई आत शेगडीला पंख्यानं वारा घालत पातोडीच्या रश्श्याचा मसाला परतायची. त्या वासानं शेजारच्या बिऱ्हाडातली माणसं काही ना काही कारण काढून वाटी घेऊन यायची. माझी आई खापा गावची, शेतकऱ्याची लेक. चार बुकं शिकलेली, पण माझ्या पदवीकडे ती नवीन आणलेल्या म्हशीकडे बघावं तशी बघायची: दिसते तर बरी, दूध किती देते ते कळायचंय.

पहिल्या दिवशी मी पांढरी साडी नेसले. समाजसेवा करणाऱ्या बायका पांढरं नेसतात असं माझं पक्कं मत होतं. केस घट्ट बांधले, कानातले काढून ठेवले, चेहऱ्यावर करुणा आणली. आई भाकरी थापत होती. मान वर करून म्हणाली, "सुमे, कोण मेलं वं?"

मी म्हटलं, "आई, मी समाजाची सेवा करायला चाललेय."

"जा बाप्पा. पण डबा घेऊन जा. समाज काही तुले जेवू घालत नाही."

रिमांड होमची इमारत पिवळ्या रंगाची, दाराला बाहेरून कुलूप, आणि आत अंगणात एक नळ. त्या नळाभोवतीच सगळं चालायचं: धुणं, भांडणं, वेण्या. मुख्य बाईंना सगळे 'मोठ्या बाई' म्हणत. त्या खरोखर मोठ्या होत्या. खुर्चीतून उठताना खुर्चीही थोडी उठायची. त्यांनी मला वर्ग दाखवला आणि म्हणाल्या, "आधीच्या बाई स्वेटर विणायच्या. तुम्हाला विणता येतं?" मी म्हटलं, "मला मनं विणता येतात." हे वाक्य मी खरोखर बोलले. आज ते कागदावर लिहिताना माझे कान गरम झालेत. मोठ्या बाई माझ्याकडे पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं."

वर्गात पहिली ते चौथीच्या पोरी एकत्र, सतरंजीवर. कुणी घरातून पळून आलेली, कुणी बाजारात हात मारताना सापडलेली, कुणी काहीच न करता नुसती स्टेशनवर एकटी दिसली म्हणून आणलेली. मी त्यांना पहिलाच धडा दिला तो चोरीचा. "मुलींनो," मी म्हटलं, "दुसऱ्याची वस्तू घेणं म्हणजे आपला आत्मा विकणं."

मागून आवाज आला, "केवढ्याले जाते, बाई?"

सगळा वर्ग हसला. मी करुणेनं हसले. मग कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेल्या एका काळ्यासावळ्या, हाडकुळ्या पोरीनं अगदी साध्या सुरात विचारलं, "बाई, तुमच्या घरी चहा कायच्यावर होते?"

"शेगडीवर."

"शेगडीत काय?"

"कोळसा."

"यार्डातला का डेपोतला?"

मी म्हटलं, "मला काय ठाऊक?"

"घरी जाऊन पाहा. यार्डातला अर्धा जळालेला राहते, चटकन पेटते. डेपोतला धुपते नुसता." एवढं सांगून ती पुन्हा मांडीवर झोपलेल्या लहानगीच्या डोक्यात उवा शोधायला लागली. ही वच्छी. यार्डात कोळसा वेचताना तिला पकडलं होतं. मांडीवरची तिची बहीण बेबी; घरी सांभाळायला कुणी नाही म्हणून तिलाही सोबत आणलेलं. आई गेलेली, आणि बाप कुठं होता हे बापालाही ठाऊक नसावं.

संध्याकाळी मी आईला विचारलं. आई म्हणाली, "यार्डातलाच. एक बाई आणते मागल्या दारानं, टोपल्यात. डेपोतला कोणाले परवडते वं?"

"आई! हा चोरीचा कोळसा आहे! बाबा रेल्वेत नोकरीला आहेत!"

"म्हणून तं मागल्या दारानं घेतो."

"पण आपला आत्मा—"

"मंग काय तुझ्या आत्म्यावर चहा ठेवू?" आई म्हणाली. बाबांनी पेपर जरा उंच धरला. त्या दिवसानंतर त्यांच्या तोंडून कोळसाचोरांचं नाव मी ऐकलं नाही. चहा मात्र मी दोन दिवस प्यायले नाही. तिसऱ्या दिवशी प्यायले, आणि चांगला दोन कप प्यायले.

वच्छी चौथीत होती आणि तिथंच मुक्काम ठोकून होती. तिच्याबरोबरच्या पोरी पुढं गेल्या, मागून आलेल्याही पुढं गेल्या. वच्छी भिंतीला टेकून तशीच. काही विचारा, उत्तर एकच: "मले नाई येत, बाई." पाटीवर कोरा करकरीत माळ. मी तिला मंद समजून तिच्याशी हळूहळू, प्रत्येक शब्द सुटा करून बोलायचे. ती माझ्याकडे, आपण उंटाकडे बघतो तशी, डोळे मोठे करून बघायची. पण एके दिवशी माझी छत्री वर्गात राहिली म्हणून मी परत आले, आणि नळाच्या मागून आवाज ऐकला. वच्छी बेबीच्या केसांतून बारीक फणी ओढत होती आणि प्रत्येक ओढीला पाढ्याची एक ओळ. "एकोणतीस एक एकोणतीस," फणी. "एकोणतीस दुणे अठ्ठावन्न," फणी. बेबी दर ओढीला "आई गं" म्हणून ओळ परत म्हणायची. एकोणतीसचा पाढा! मला स्वतःला चोविसाच्या पुढं दम लागायचा.

तुम्हाला वाटेल, एखादी शहाणी बाई इथं थांबून विचार करेल, की एवढी हुशार पोर वर्गात मठ्ठ होऊन का बसते? मी थांबले नाही. मी ताबडतोब ठरवलं की हिच्या मनात भीती आहे, समाजानं तिला दडपलंय, आणि तिला त्या अंधारातून ओढून काढायला देवानं माझी नेमणूक केली आहे. तात्पुरती. मी तिला मधल्या सुट्टीत वेगळं बसवायला लागले. भूगोल, गणित, व्याकरण. आईनं केलेल्या पुडाच्या वड्या डब्यातून न्यायचे. वच्छी त्यातली अर्धी वडी स्वतः खायची, बाकीच्या बेबीसाठी फ्रॉकच्या घेरात बांधायची, माझं सगळं ऐकायची आणि शेवटी म्हणायची, "मले नाई येत, बाई."

"येतं तुला! मी ऐकलंय."

"तुमाले भास झाला."

"तुला पास व्हायचं नाही का?"

"पास होऊन काय करू?"

या प्रश्नावर मी तिला अर्धा तास भाषण दिलं. ते ऐकता ऐकता बेबी झोपली. वच्छी म्हणाली, "बाई, तुमचा आवाज चांगला हाय. झोप लागते." मी हेही कौतुकच समजले.

मग शिक्षण खात्याच्या साहेबांची तपासणी आली. त्या आठवड्यात होममध्ये चुना लागला, नळाची गळती चिंधीनं बांधली गेली आणि मोठ्या बाईंच्या खोलीतली ट्रंक उघडली. तिच्यात फुलाफुलांचे नवे फ्रॉक होते. पोरी त्यांना 'सायबाचे फ्रॉक' म्हणत, कारण साहेब आला की अंगावर चढत आणि साहेबाची गाडी वळली की घडी होऊन ट्रंकेत जात. बेबीला मिळालेला फ्रॉक पार घोट्यापर्यंत आला होता. त्यात ती छोट्या नवरीसारखी दिसत होती आणि सारखी खाली बघून त्यावरची फुलं मोजत होती.

साहेब आले, संत्रा बर्फी खाल्ली, हात पुसले आणि चौथीला प्रश्न विचारायला लागले. बाकीच्या पोरींनी बरी उत्तरं दिली. मग वच्छी उभी राहिली.

"महाराष्ट्राची राजधानी कोणती?"

"कामठी."

"बारा चोक किती?"

"खूपच होतेत, सायब."

"सूर्य कुठं उगवतो?"

वच्छीनं खिडकीतून बाहेर पाहिलं, बराच विचार केला आणि म्हणाली, "आज तं उगवला होता."

काय काम करत होती ती! आज मला कळतं, तशी नटी पुढं मी कुठल्या रंगमंचावर पाहिली नाही. साहेब हसले नाहीत. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "तुम्ही बी.ए. आहात म्हणे. कशात, विणकामात?"

मागं मोठ्या बाई शांतपणे चहा गाळत होत्या. त्यांनी एकदा माझ्याकडे बघून मान हलवली, अगदी थोडी. त्याचा अर्थ होता, गप्प बस. मला तो अर्थ कळला नाही असं म्हणणार नाही. मला तो पटला नाही. माझ्या पदवीचा असा अपमान, तोही बर्फी खाऊन! मी म्हटलं, "साहेब, या मुलीला किती येतं ते हिच्या तोंडून नका ऐकू. हिनं जिला शिकवलंय तिच्या तोंडून ऐका." आणि मी बेबीला हाताला धरून पुढं आणलं.

वच्छीचा चेहरा त्या क्षणी कसा झाला ते मी पाहिलं नाही. मी साहेबांचा चेहरा पाहत होते.

बेबीनं घोट्यापर्यंतचा फ्रॉक दोन्ही हातांनी वर धरला आणि सुरू केलं. एकोणतीस एक एकोणतीस. साहेबांच्या भुवया वर गेल्या. सहापर्यंत गाडी सुसाट आली आणि सातला अडली. बेबीनं छताकडे पाहिलं, दारातून बाहेर नळाकडे पाहिलं, स्वतःच्याच डोक्यावरून हात फिरवला, जणू फणी ओढल्याशिवाय ओळ निघणार नव्हती. "एकोणतीस सत्ते... एकोणतीस सत्ते..." साहेब म्हणाले, "बस झालं. नाही येत. खाली बस." बेबीचा खालचा ओठ थरथरायला लागला.

वच्छीनं मान वर केली नाही. जमिनीकडे बघतच म्हणाली, "दोनशे तीन."

"दोनशे तीन!" बेबी आनंदानं ओरडली. "एकोणतीस अठ्ठे..." आणि पुन्हा बहिणीकडे पाहिलं. मग दोघींनी मिळून म्हटलं. दोनशे बत्तीस. दोनशे एकसष्ट. दोनशे नव्वद. बेबी उड्या मारत, आणि वच्छी एखादं ओझं डोक्यावरून उतरवावं तशी, एकेक आकडा खाली ठेवत.

साहेब खुर्चीतून पुढं झुकले. "महाराष्ट्राची राजधानी?"

"कामठी," वच्छी म्हणाली, पण त्यात आता जीव नव्हता.

"आता कामठी पुरे," साहेब हसून म्हणाले. "ही मुलगी चौथीत काय करते? पास. माझ्या शब्दावर पास."

मी टाळ्या वाजवल्या. मोठ्यानं, हात दुखेपर्यंत. वाजवणारी मी एकटीच आहे हे माझ्या लक्षात यायला बराच वेळ लागला.

गाडी वळली, फ्रॉक ट्रंकेत गेले, आणि मोठ्या बाईंनी मला खोलीत बोलावलं. मला वाटलं, शाबासकीसाठी. त्यांनी दार लावून घेतलं.

"आपल्याकडे शाळा कितवीपर्यंत आहे?"

"चौथीपर्यंत."

"चौथी पास झालेली पोरगी कुठं जाते?"

मला माहीत नव्हतं. मी इतके महिने तिथं होते आणि मी हे विचारलंच नव्हतं.

"पुण्याकडं," मोठ्या बाई म्हणाल्या. "मोठ्या संस्थेत. तिथं पाचवीच्या खालच्या पोरी घेत नाहीत. बेबी पहिलीत आहे."

बाहेर यार्डाच्या बाजूनं कुठंतरी इंजिनानं शिट्टी दिली. मी म्हटलं, "मला कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही विचारलं कुठं? तुम्ही तर येतानाच सगळं शिकून आल्या होत्या." मग म्हणाल्या, "आधीच्या बाई ठार आळशी होत्या. पण दर वर्षी त्या पोरीला नापास तेवढं न चुकता करत होत्या."

त्याच आठवड्यात होमच्या कमिटीनं मला गुच्छ दिला. झेंडूचा. तो मी कॅरियरला लावून घरी आणला आणि आईसमोर रडले. आईनं सगळं ऐकून घेतलं, गुच्छातली फुलं सुटी करून देवाला वाहिली आणि म्हणाली, "आता रडून राहिली. जा, त्या सायबाले सांग, गलती माझी झाली." मी गेले. तीनदा गेले. साहेबांनी मला दर वेळी चहा दिला. मी म्हटलं, पाचवी इथंच शिकवते, पगार नको. ते म्हणाले, वर्ग मंजूर नाही. मी म्हटलं, मग तिला पुन्हा नापास करा. ते फार दुखावले. म्हणाले, "इतकी हुशार मुलगी, तिला त्या अंधारात कुजत ठेवायची? तुमच्यासारख्या शिकलेल्या बाईनं असं बोलावं?" अंधार हा शब्दसुद्धा माझाच होता. मला वाटलं, हा माणूस मला माझंच भाषण देऊन राहिलाय, आणि बोलतोयही माझ्यापेक्षा बरं.

वच्छीला मी विचारलं, "मला एका शब्दानं सांगायचं नाहीस का?"

ती म्हणाली, "सांगतलं असतं तं तुमी थेच सायबापुढं भाषण करून सांगतलं असतं."

ती निघाली त्या दिवशी आईनं दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. "हे त्या पोरीले दे," आई म्हणाली, "अन् तिले काही समजावू नको." स्टेशनवर वच्छीबरोबर होममधली एक काकू होती, पोचवायला. बेबीला आणलं नव्हतं. वच्छीनं सकाळी तिची वेणी घातली होती आणि सांगितलं होतं की ताई कोळसा आणायला चालली, जरा दूरच्या यार्डात. बेबी म्हणे दारापर्यंत येऊन म्हणाली, मोठं टोपलं ने.

त्यानंतर मी तिथं टिकले. लग्न ठरलं तरी तारीख पुढं ढकलत टिकले, आणि बेबीला घेऊन बसले. नळामागं, फणी हातात घेऊन. फणीशिवाय तिला पाढा येतच नव्हता. दुसरी आणि तिसरी मी तिच्याकडून एका दमात करून घेतली. लोक म्हणायचे, काय ही बाई, पोरीला श्वास घेऊ देत नाही. मोठ्या बाई तेवढ्या काही म्हणत नसत. त्या येऊन मुकाट्यानं खडू ठेवून जायच्या. चौथीचा निकाल लागला तेव्हा बेबी वर्गात सगळ्यांत बुटकी होती, आणि त्याच गाडीत मी तिला स्वतः नेऊन बसवलं. पुढं दोघींचं काय झालं ते त्यांचं त्यांना ठाऊक आणि मला ठाऊक. पुस्तकात ते घालणार नाही. वच्छीची हुशारी मी एकदा चारचौघांत उघडी केली, तेवढं पुरे.

पण ती घाई माझ्या डोक्यातून निघाली होती असं कुणी समजू नये. माझ्या डोक्यातून काय निघतं ते वर आलंच आहे. वच्छी निघाली त्या दिवशी स्टेशनवर गाडीनं शिट्टी दिली आणि मी आईचं न ऐकता बोलायला तोंड उघडलं, पण शब्दांऐवजी हुंदकाच आला. वच्छी खिडकीत बसून दशमीचा तुकडा मोडत होती. तिनं चटणी लावून तो तोंडात टाकला, सावकाश चावला, आणि गाडी हलता हलता म्हणाली:

"रडता काहून, बाई? तुमाले पास करता येते ना? मंग आता बेबीले करा. लवकर करा. थे येईपर्यंत मी तिकडं पाचवी काही पास होत नाही."